सेक्टरला सभा असते का?

(पनवेल येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. नगरपालिकेच्या शाळेतला शिक्षक हा शहराचा सर्वांत जुना साक्षीदार असतो. नळाला पाणी आलं की नाही हे त्याला पोरांच्या अंघोळीवरून कळतं, आणि निवडणूक जवळ आली हे शाळेच्या भिंतीला लागलेल्या रंगावरून. म्हणून संयोजकांनी ‘नेतृत्व, लोकसहभाग आणि शहराचा विकास’ हा विषय सुचवला तेव्हा मला बरं वाटलं. नाव मात्र जडच आहे. असल्या नावाच्या व्याख्यानाला लोक येतात आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांचे डोळे मिटू लागतात. तेव्हा मी तुम्हाला थेट एका जागी घेऊन जातो. ही जागा इथून बरीच दूर आहे, पण तुम्हाला ती ओळखीची वाटेल.

त्या जागेचं नाव आहे सेक्टर ६७.

बाहेरचा माणूस त्याला चंदीगड म्हणतो. पाहुण्यांना पत्ता सांगताना तिथले लोकही सोयीसाठी चंदीगडच म्हणतात. प्रत्यक्षात आकड्यांची ती माळ चंदीगडची हद्द ओलांडून पंजाबात शिरते, आणि सेक्टर ६७ पंजाबातल्या मोहालीत आहे. कागदोपत्री नाव साहिबजादा अजितसिंग नगर. औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण घेतलेल्यांना हा पत्ता पाठ असतो, कारण ‘नायपर’ ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्था याच सेक्टरमध्ये आहे. अलीकडे विमानतळाच्या रस्त्यावर ‘सीपी ६७’ नावाचा मोठा मॉलही झाला. सेक्टरचा आकडा मॉलच्या नावात गेला, म्हणजे आकड्यालाही भाव आला म्हणायचा.

आता हे आकडे आले कुठून? फाळणीत लाहोर गेलं. पंजाबला राजधानी उरली नाही. नवी राजधानी उभारायचं ठरलं, आधी आल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी आराखडा सुरू केला, नोविकी १९५० साली विमान अपघातात गेले, आणि काम ल कॉर्बुझिएकडे आलं. साधारण ८०० मीटर रुंद, १२०० मीटर लांब असा एक चौकोन. आत घरं, शाळा, दुकानं, बाग. असे चौकोन ओळीने मांडत गेले. १३ हा आकडा सोडून! तो अशुभ म्हणून. शास्त्रशुद्ध नियोजनाच्या राजधानीत १३ नंबर नव्हता. २०२० साली मनीमाजरा भागाला तो दिला गेला.

१९६६ साली पंजाबचे तुकडे झाले. चंदीगड केंद्रशासित झालं, आणि पंजाबने आपल्या हद्दीत, त्याच शहराला चिकटून, मोहाली वाढवायला घेतलं. तिथले पत्ते आधी फेजच्या आकड्यांवर गेले, मग सेक्टरच्या. ‘फेज थ्री बी टू’ हा तिथल्या प्रसिद्ध बाजाराचा पत्ता आहे. ऐकताना यंत्राच्या सुट्या भागाचा क्रमांक वाटतो.

इथे बसलेल्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही. तुम्हीही सेक्टरवालेच. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ९५ गावांची जमीन, ३४४ चौरस किलोमीटरचा पसारा. वाशीला सेक्टर १७ बाजारपेठेचा, चंदीगडलाही सेक्टर १७ बाजारपेठेचा. नियोजनकारांची कल्पनाशक्ती कधीकधी एकाच खिडकीतून बाहेर बघते.

मला आज विचारायचा प्रश्न एकच आहे. गावाला सभा असते. सेक्टरला सभा असते का?

तुमच्या खारघरचंच घ्या. २०१६ पर्यंत खारघर ही ग्रामपंचायत होती. वीस-वीस मजल्यांच्या इमारती, उद्वाहक, तळघरात गाड्या, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. शहरातले लोक याला हसायचे. मीही हसत असे. पण ग्रामपंचायत होती म्हणून तिथे ग्रामसभा होती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना भरणारी. त्या सभेत मतदार यादीतला कुणीही उठून सरपंचाला विचारू शकत होता की बाबा, चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे कुठे गेले? १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली. पनवेल नगरपालिकेचं मूळ १८५२ सालचं, म्हणजे एका अर्थी या गावाला ही बढती फार उशिरा मिळाली. बढती मिळाली, हे खरं. पण त्या दिवशी खारघरची ग्रामसभा गेली, आणि तिच्या जागी दुसरी कुठलीही सभा आली नाही. चार नगरसेवकांचा एक प्रभाग आला. चौघांपैकी आपला कोण, हे विचारलं तर तुमच्यातले किती जण छातीठोक सांगतील?

मोहालीतही हेच झालं. तिथे शहराच्या पोटात कुंभडा, मटौर, सोहाना अशी जुनी गावं आहेत. सेक्टर चहूबाजूंनी आले आणि गावं मध्ये राहिली. आपल्याकडे ज्याला गावठाण म्हणतात, त्याला तिकडे ‘लाल लकीर’ म्हणतात, महसुली नकाशावर गावाभोवती लाल रेघ ओढलेली असते म्हणून. मोहालीची महानगरपालिका झाली २०११ साली. पहिली निवडणूक झाली २०१५ साली. महापालिकेत सामील झालेल्या गावांच्या ग्रामसभा संपल्या. पंजाबी गावातली सभा म्हणजे सगळे शहाणे आणि सगळं सुरळीत असं चित्र मी रंगवणार नाही. तिथे जमीनदारांचाच आवाज मोठा असतो, दलित वस्तीतला माणूस कोपऱ्यात उभा असतो, बाया बऱ्याचदा नसतातच. तरी कायद्याने दिलेली एक जागा होती. ती गेली.

आपण शहरीकरण म्हणतो तेव्हा रस्ते, गटारं, दिवे मिळाले असं मोजतो. काय गेलं, ते मोजायचं राहून जातं.

आता त्या सेक्टर ६७ मध्ये चला. माझे एक नातलग तिथे राहतात, म्हणून माझं जाणं-येणं आहे. तिथल्या ‘वेल्फेअर असोसिएशन’ची बैठक मी पाहिली आहे. थंडीचे दिवस, रविवारची सकाळ, बागेत उन्हाचा एक पट्टा धरून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. शेंगदाणे आणि रेवड्या एका थाळीत. अध्यक्षस्थानी सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, सगळे त्यांना ‘कर्नल साब’ म्हणत होते. विषय आपले नेहमीचेच. दिवे बंद, भटकी कुत्री, आणि पीजीत राहणारी पोरं गाड्या वाट्टेल तिथे लावतात. मग एक सरदारजी उठले. त्यांनी खिशातून दोन कागद काढले आणि एकाला एक लावून सगळ्यांना दाखवले. एक त्यांचं पाण्याचं बिल. दुसरं त्यांच्या साडूचं, जो त्याच मोहालीत पण फेज सातमध्ये राहतो. शहर एक, पाणी सारखंच, वापरही साधारण सारखाच. आणि सरदारजींचं बिल साडूच्या कित्येक पट.

हे असं का? कारण फेजमध्ये पाणी महापालिकेकडून येत होतं आणि सेक्टर ६६ ते ८० या पट्ट्यात ते ‘गमाडा’कडून येत होतं. गमाडा म्हणजे ग्रेटर मोहालीचं विकास प्राधिकरण, २००६ साली झालेलं. तुमच्या सिडकोचा पंजाबी भाऊच समजा. जमीन संपादित करायची, भूखंड पाडायचे, विकायचे, रस्ते-पाणी द्यायचं, आणि काही वर्षांनी सगळं महापालिकेच्या हवाली करायचं, अशी ही रचना. हवाली करणं लांबत जातं. त्या अवधीत २०१७ साली गमाडाने या सेक्टरांचे पाण्याचे दर एकदम पाच पटींहून जास्त वाढवले. महापालिकेने दर वाढवायचे तर सभागृहात ठराव यावा लागतो, नगरसेवकांना हात वर करावा लागतो, आणि हात वर करणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत त्याच गल्लीतून फिरावं लागतं. गमाडाला यातलं काही करावं लागलं नाही. प्राधिकरणाला मतदार नसतात. प्राधिकरणाला असतात ते ‘अलॉटी’.

हा ‘अलॉटी’ प्राणी नीट ओळखून घ्या. त्याला भूखंड मिळालेला असतो, हप्त्याचं पत्रक मिळालेलं असतं, ताबापत्र मिळालेलं असतं. तो ग्राहक असतो, तक्रारदार असतो, वेळप्रसंगी न्यायालयात पक्षकारही असतो. एवढा सगळा असून तो नागरिक नसतो. नियोजित शहराने आपल्याला घर दिलं, बाग दिली, शाळेसाठी राखीव जागा दिली आणि या सगळ्याच्या बदल्यात आपल्याला अलॉटी करून ठेवलं.

खारघरकरांना हे वेगळं सांगायला नको. सिडको सेवाशुल्क घेत होती. मग महापालिकेची मालमत्ता कराची बिलं आली, तीही स्थापनेच्या दिवसापासूनची, मागील थकबाकीसकट. रस्ता एकच, त्याचे पैसे दोघांना. तुम्ही मोर्चे काढलेत, न्यायालयात गेलात. सेक्टर ६७ मध्ये ती दोन बिलं बघताना मला तुमची आठवण येत होती.

सरदारजींनी कागद घडी करून खिशात ठेवले, तेव्हा एक जण म्हणाला, “एमसी साब को बोलते हैं.” तिकडे नगरसेवकाला ‘एमसी’ म्हणतात. दुसरा म्हणाला, “वो कराएगा.” तिसरा म्हणाला, तो आपल्या पक्षाचा नाही. चौथा म्हणाला, माझी ओळख आहे. पाहता पाहता बैठकीचा विषय पाण्याचा दर राहिला नाही. कोणाची कुठे ओळख आहे, हा विषय झाला.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्याला आलो आहे, तेव्हा जरा सावकाश बोलतो.

आपल्याला ‘कामं करून देणारा’ नेता आवडतो. पनवेलला आवडतो, मोहालीला आवडतो, साताऱ्याला आवडतो, सोलापूरला आवडतो. फोन उचलतो, टँकर पाठवतो, दाखला मिळवून देतो, रात्री रुग्णालयात खाट मिळवून देतो. अशा माणसाला मी नावं ठेवणार नाही. खाट मिळणं ही चेष्टा नाही. पण त्याने किंमत कशाने वसूल केली, ते बघा. तुमचा प्रश्न त्याने खासगी करून टाकला. गल्लीतल्या चाळीस घरांना पाणी येत नाही, हा सार्वजनिक प्रश्न होता. त्याने तुमच्या घरी टँकर पाठवला, आता तो तुमचा आणि त्याचा आपसातला मामला झाला. उरलेली एकोणचाळीस घरं आपापली ओळख शोधू लागली. ज्या शहरात नेता कामं करून देतो, त्या शहरात लोकांना एकत्र बसायची गरज उरत नाही. आणि लोक एकत्र बसत नाहीत म्हणून कामं करून देणाऱ्याची गरज कायम राहते. हे चक्र कुणी कट करून फिरवलेलं नाही. आपण सगळे मिळून ते फिरवतो, आनंदाने, हार घालून.

मग दुसऱ्या प्रकारचा नेता कसा असतो? फार लांब जायला नको, पुण्याला जाऊ. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. निवडून आलेले नव्हे, सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी शहर सजवायला हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. सभागृहाने माना डोलावल्या. विरोधात एकटे जोतीराव. त्यांचं म्हणणं असं की हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. नेमणूक सरकारची, आणि मत सरकारच्या पाहुण्याविरुद्ध. ठराव अर्थातच मंजूर झाला. हजार रुपये वाचले नाहीत. मग जोतीरावांनी काय मिळवलं? त्यांनी कुणाचं काम करून दिलं नाही. त्यांनी पैशाचा प्रश्न उघड्यावर आणला: हा पैसा कोणाचा आणि तो कोणावर खर्च व्हायचा. आज आपल्याकडे रोषणाईवर, कमानीवर, प्रवेशद्वारावर पैसा ओतला जातो तेव्हा हा प्रश्न विचारणारा सभागृहात किती वेळा भेटतो?

आता चंदीगडकडे परत येऊ, कारण तिथली गोष्ट मोठी विलक्षण आहे.

कॉर्बुझिएने १९५९ साली चंदीगडसाठी एक ‘फर्मान’ लिहिलं. त्याचा आशय असा की नागरिकांनी या शहराचे मूळ नियम समजून घ्यावेत आणि कुणाच्या लहरीपासून शहर वाचवावं. पाहा, शहर रचणाऱ्याने रखवालदार म्हणून नागरिक नेमले. आणि शहर चालवणाऱ्यांनी? त्या नागरिकांना नगरपालिकेसाठी पहिलं मत द्यायला डिसेंबर १९९६ उजाडावा लागला. रखवाली करा, पण मताचं विचारू नका! आजही शहराचा खरा कारभारी म्हणजे प्रशासक, आणि ते पद १९८४ पासून पंजाबच्या राज्यपालांकडे असतं. महापौराची मुदत एक वर्ष. एक वर्षात माणूस आपल्या दालनातल्या कपाटांच्या किल्ल्या शोधतो, तोवर निरोप समारंभ.

या प्रशासकपदाशी आपला महाराष्ट्राचाही संबंध आहे. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर २०१० ते २०१५ या काळात तिथे होते. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात लातूरच्या नगरपालिकेतून झाली, ते तिथे नगराध्यक्ष होते. लोकांनी निवडलेला नगराध्यक्ष पुढे लोकांनी न निवडलेल्या पदावरून दहा लाखांचं शहर सांभाळतो. पुढे नागपूरचे बनवारीलाल पुरोहितही त्याच पदावर होते. माणसं चांगली की वाईट, हा मुद्दाच नाही. दहा लाख लोकांचं शहर, आणि त्याच्या प्रमुखाला हटवायचा अधिकार त्या दहा लाखांपैकी एकालाही नाही, हा मुद्दा आहे.

आणि ३० जानेवारी २०२४? ती चित्रफीत तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. चंदीगडच्या महापौरपदाची निवडणूक. मतं ३६, म्हणजे ३५ नगरसेवक आणि खासदार. पीठासीन अधिकारी कॅमेऱ्याकडे बघत बघत मतपत्रिकांवर खुणा करतो. आठ मतं बाद. १६ विरुद्ध १२ असा निकाल जाहीर. वीस मतं असलेली आघाडी हरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने त्या मतपत्रिका समोर मागवल्या, आणि २० फेब्रुवारीला कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केलं. देशभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण एक गोष्ट मला खटकत राहिली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं हे पद होतं एका वर्षाचं, मोजक्या अधिकारांचं. आपण निवडणुकीतली चोरी बघायला सगळे जमलो, पण निवडून आलेल्याच्या हातात काय असतं, हे बघायला कुणी जमलं नाही.

महाराष्ट्राने यावर हसू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी मुंबईत त्याच्याही आधी, २०२० पासून प्रशासक. निवडणुका घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावं लागलं. इतकी वर्षं नगरसेवक नव्हते. तुमच्या रोजच्या जगण्यात फरक पडला का? पडला नसेल, तर ती बातमी जास्त वाईट आहे.

लोकसहभागाचं दुसरं रूप चंदीगडमध्येच पाहायला मिळतं, आणि ते दिलासा देणारं आहे, निदान अर्धं. सेक्टर १ ते ३० हा कॉर्बुझिएचा मूळ भाग. एकेका कुटुंबासाठी दिलेल्या भूखंडांवर मजले चढवून ते वेगवेगळ्या लोकांना विकायची टूम निघाली. सेक्टर १० च्या रहिवासी संघाने कायद्याचा किल्ला लढवला. १० जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हे मजल्या-मजल्याने विकणं थांबवलं. निकाल लिहिला आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी. पर्यावरणावर काय परिणाम होतो हे न तपासता शहरं वाढवायला परवानगी कशी देता, असा मोठा प्रश्न त्या निकालात आहे. कॉर्बुझिएचे रखवालदार खरोखरच जागे निघाले.

अर्धं दिलासा देणारं का म्हणालो? कारण रहिवासी संघ म्हणजे मालकांचा संघ. त्याच शहरात १ मे २०२२ ला कॉलनी नंबर चारची झोपडपट्टी पाडली. कामगार दिनी! तिथल्या लोकांचा संघ कोणत्या निकालात आहे? सेक्टर ६७ च्या त्या बैठकीत मी सहज विचारलं की पीजीत राहणारी मुलं, भाड्याने राहणारी कुटुंबं असोसिएशनची सभासद होऊ शकतात का? एक आजोबा प्रेमाने म्हणाले, “जी, वो तो आते-जाते रहते हैं.” बागेपलीकडून त्याच वेळी घरकाम करणाऱ्या बायका झपझप चालत कुंभड्याच्या दिशेने जात होत्या. त्यांच्या नळाचं बिल त्या उन्हात कुणी काढून दाखवलं नाही. बागेतले लोक वाईट नव्हते. सभेला कोण बसतं हे ठरवताना त्यांनी त्या बायकांकडे पाहिलंच नव्हतं, इतकंच.

लोकसहभागाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्याच्याकडे वेळ आहे, घर आहे आणि इंग्रजीत अर्ज लिहिता येतो, त्याचाच सहभाग होत असेल तर शहराला आणखी एक लॉबी मिळाली, एवढंच.

नवी मुंबईत सहभाग आला तो अर्जातून आला नाही, रक्तातून आला. जानेवारी १९८४, जासई. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी भूसंपादनाविरुद्ध रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं. भूमिपुत्रांना नियोजनाच्या कोणत्याही टेबलावर खुर्ची नव्हती, म्हणून त्यांनी रस्त्यावर सभा भरवली. पंजाबातही अलीकडे असंच झालं. तिथल्या सरकारने जून २०२५ मध्ये लॅंड पूलिंगचं, म्हणजे शेतजमिनी एकत्र करून विकसित करण्याचं, धोरण आणलं, शहरांभोवतीची हजारो एकर जमीन त्यात जाणार होती. गावं पेटून उठली, उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि ऑगस्टमध्ये सरकारने धोरण मागे घेतलं. दोन-सव्वादोन महिन्यांत! सेक्टरवाल्यांना एका पाणीपट्टीसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागतं. पंजाबातल्या गावांना किसान संघटनांमुळे एकत्र बसायची सवय आहे, हे त्यामागचं एक कारण मला दिसतं.

मग कायदा काय म्हणतो? चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगरपालिकांना घटनेत स्थान दिलं, बाराव्या अनुसूचीत अठरा विषय दिले, आणि त्यातला पहिलाच विषय नगररचनेचा. पण तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्या असेल तिथेच वॉर्ड समित्या सक्तीच्या. २०११ च्या जनगणनेत मोहाली यात बसतच नव्हतं. आणि जिथे समित्या आहेत तिथे एका समितीखाली इतके प्रभाग येतात की सामान्य माणसाने तिथे जाऊन बोलायचा प्रश्नच येत नाही. गावाला ग्रामसभा देणाऱ्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीच्या शेजारी ही जुळी बहीण उभी आहे, पण हिला मतदारांची सभा दिलेली नाही.

महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात दुरुस्ती करून ‘क्षेत्रसभा’ आणल्या. केंद्राच्या नागरी योजनेचा पैसा हवा होता, त्यासाठी ती अट होती. अट कागदावर पूर्ण झाली. इथे कुणी क्षेत्रसभेला गेलं आहे का? हात वर करा. (कुणीही हात वर केला नाही.) बघा.

पुण्याने एक वेगळी वाट धरली. २००६-०७ पासून नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची, एका कामाला पाच लाखांपर्यंत मर्यादा, आणि ती अंदाजपत्रकात घ्यायची. ब्राझीलच्या पोर्तू अलेग्री शहराने १९८९ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगाची ही धाकटी आवृत्ती. तिथे वस्ती-वस्तीत सभा भरत, प्रतिनिधी निवडले जात आणि पैसा कुठे आधी जायचा यावर वाद होत. पुण्यात अर्ज भरला जातो. बाकडी सुचवली जातात, फरसबंदी सुचवली जाते. बाकडं काही वाईट नाही, मी स्वतः बसतो. पण शेजाऱ्याशी न भांडता भरलेला अर्ज म्हणजे सहभाग नव्हे. मला बाकडं हवं, पलीकडच्या वस्तीला शौचालय हवं, पैसा एकापुरताच आहे, आणि आम्ही समोरासमोर बसून ठरवलं, याला मी सहभाग म्हणतो.

हे कुठे होतं? गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावात होतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही. घोषणेपेक्षा मला त्यांचा ‘अभ्यास गट’ महत्त्वाचा वाटतो. सभेत निर्णय सर्वसहमतीने व्हायचा, पण त्याआधी गावातली आणि बाहेरची माणसं बसून विषयाचा अभ्यास करायची. कायदा काय आहे, बांबूचा भाव काय, वनखातं काय म्हणतं. अभ्यास गटाने निर्णय घ्यायचा नाही, सभेने घ्यायचा. तिथला नेता तुमचं काम करून देत नाही. तुमच्या हातात कागद देतो आणि म्हणतो, वाचा, मग बोलू.

छोट्या गोंड गावात झालं ते पनवेलमध्ये होणार नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, तसंच्या तसं होणार नाही. मेंढ्यात सगळे एकमेकांना ओळखतात, आपल्याला समोरच्या दारावरची पाटीही वाचायला वेळ नसतो. पण एक गोष्ट तुमच्याकडे आहे जी सेक्टर ६७ च्या बंगल्यांमध्ये नाही. तुमच्याकडे सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. आणि संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. हो, मला माहीत आहे ती सभा कशी होते. गणपूर्तीअभावी तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा. गळतीवर तासभर, पार्किंगवर दोन तास, लेखापरीक्षणाचा अहवाल वाचल्याचं समजून मंजूर. तरी ती सभा आहे. नोटीस निघते, हिशेब मांडावा लागतो, इतिवृत्त लिहिलं जातं. सेक्टर ६७ ला आणि प्रभागाला जे नाही ते तुमच्या जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर आहे.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. एका प्रभागातल्या दहा-पंधरा संस्था आणि मधल्या गावठाणातली मंडळी यांनी मिळून एक अभ्यास गट करावा. विषय एकच: आपल्या प्रभागावर महापालिका आणि सिडको वर्षाला किती खर्च करतात आणि कशावर. आयुक्तांचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चकडे येतं, त्याच्या आधी, दिवाळीनंतर बसा. संस्थेच्या कार्यालयात बसू नका, तिथे मालकच येतात. महापालिकेच्या शाळेचा वर्ग मागा. नगरसेवकाला बोलवा, पण व्यासपीठावर नको, विद्यार्थ्याच्या बाकावर. हार नको. त्याने आलं पाहिजे ते वही घेऊन. आणि निवडणुकीत दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, एवढंच विचारा की २००९ च्या कायद्यातली क्षेत्रसभा तुम्ही भरवणार का, आणि कुठल्या महिन्यात?

एक अडचण मात्र मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण ती पहिल्याच बैठकीत येईल. भाडेकरूला बोलू द्यायचं का? तो कर भरत नाही, तो आज आहे उद्या नाही, असं कुणीतरी म्हणेलच. कदाचित तुमच्यातलाच एखादा चांगला माणूस म्हणेल. खारघर, कामोठे, कळंबोलीतले कितीतरी लोक भाड्याने राहतात. पाणी त्यांनाही लागतं, खड्डा त्यांच्याही दुचाकीखाली येतो, मुलं त्यांचीही इथल्याच शाळेत. याचं उत्तर मला आज देऊ नका, टाळ्याही नकोत. तुमच्या संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय पत्रिकेवर घ्या, पार्किंगच्या आधी.